थंडीत बाईक किती वेळ गरम करायची?

बुटीबोरी_ड्युटी: भाऊ लोक, नागपुरात मानेवाड्यातून रोज सकाळी साडेपाचला बुटीबोरीला निघतो, सध्या पारा ८-९ वर येऊन राहिला. १५० सीसीची जुनी कार्बुरेटरवाली गाडी आहे. बाबा म्हणतात पाच मिनिटं चालू ठेव मगच निघ, अन् वरचे काका गॅलरीतून ओरडतात की धूर घरात येते. नेमकं किती वेळ ठेवू?

किकमार: पाच मिनिटं काऊन बे, पेट्रोल फुकट भेटते का? चोक (थंड इंजिनाला पेट्रोलचं प्रमाण वाढवून देणारा खटका) ओढ, स्टार्ट कर, हेल्मेट-हातमोजे घालेपर्यंत चालू दे, आरपीएम (इंजिन फिरायचा वेग) चढला की चोक हळूहळू आत ढकल अन् नीघ. चोक आत ढकलायचा विसरला तर स्पार्क प्लग काळा होते, माझी गाडी त्याच्यानंच छत्रपती चौकात बंद पडली होती, मागून बस हॉर्न मारून राहिली अन् मी किका.

जुना_मेकॅनिक: रात्रभर ऑइल खाली बसलेलं राहते, पंप ते वर चढवते काही सेकंदात, पण घट्ट ऑइल पातळ व्हायला वेळ लागते अन् ते उभ्यापेक्षा हळू चालवतानाच लवकर होते, म्हणून पहिले २-३ किमी रेस मारू नको. जास्त वेळ चोकवर ठेवलं तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडर धुवून ऑइलमध्ये उतरते. २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचा नवा नियम) इंजेक्शनवाल्या, म्हणजे कार्बुरेटर नसलेल्या गाडीत तर बहुतेक चोकच नाही, ईसीयू म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटरच पाहून घेते.

बुटीबोरी_ड्युटी: आज मिनिटभरात निघालो, मनीषनगरपर्यंत ३० च्या स्पीडनं. एकदाही बंद नाही पडली. काका झोपलेलेच होते.