अध्यक्षाला दोनच टर्म, मग बाकीच्यांना तहहयात कशी काय?

उपनगरवासी:
ट्रम्पच्या तिसऱ्या टर्मवरून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतकं रण माजलं की म्हटलं इथे नीट धागाच काढू. डेट्रॉइटजवळ राहतो, मतदान इथेच करतो, त्यामुळे मिशिगनची उदाहरणं जास्त येतील, चालवून घ्या.

अध्यक्षाचं सरळ आहे. वॉशिंग्टन दोन टर्म करून स्वतःहून घरी गेला, पुढे जवळपास दीडशे वर्षं तिसरी टर्म कुणाला मिळाली नाही, मग रूझवेल्ट १९३२, ३६, ४० आणि ४४ असा चार वेळा निवडून आला आणि १९४५ मध्ये पदावर असतानाच गेला. १९५१ ला बावीसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली, निवडून यायचं ते दोनदाच. आता २०२५ च्या जानेवारीत अँडी ओगल्स नावाच्या खासदाराने ठराव आणला की तिसरी टर्म द्या, पण ज्याच्या पहिल्या दोन सलग झाल्यात त्याला नाही. म्हणजे क्लिंटन, बुश, ओबामा तिघेही बाद, आणि उरतो नेमका एकच माणूस. घटनादुरुस्ती माप घेऊन शिवतात हे मला नव्याने कळलं.

पण माझा खरा राग काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर आहे. आमच्याकडचे डिंगेल बघा. बाप १९३३ पासून खासदार, १९५५ ला तो वारला तर मुलगा जॉन आला, तो २०१५ पर्यंत राहिला, ५९ वर्षं!, आणि त्याने खुर्ची सोडल्यावर तिथे बायको डेबी, ती अजून आहे. मतदारसंघाचा नंबर बदलला, सीमा बदलल्या, आडनाव नाही बदललं. अध्यक्षाला आठ वर्षं पुरतात तर खासदाराला बारा का पुरू नयेत?

मंत्रालयातला उंदीर:
अहो पण अध्यक्ष एक असतो आणि खासदार ४३५, वर शंभर सिनेटर. एकाच्या हातात लष्कर आणि सगळं प्रशासन, दुसऱ्याच्या हातात एक मत. दोघांना एकच पट्टी कशी लावता?

माझी उभी नोकरी फायलीत गेली म्हणून सांगतो, आमदार नवीन असला की खातं खूश असतं. पुरवणी मागण्यांचं जाडजूड पुस्तक अधिवेशनात टेबलावर पडतं, नवा माणूस आपल्या तालुक्याचं नाव कुठे आलंय तेवढं बघतो आणि मिटवतो. जुना खोड मात्र बरोबर पान उघडून विचारतो की गेल्या वर्षी याच लेखाशीर्षाचे, म्हणजे खर्चाच्या याच बाबीचे, पैसे परत गेले होते, मग यंदा पुन्हा कशाला मागताय, आणि मग आमच्या साहेबांची जी धावपळ व्हायची ती बघण्यासारखी असायची. त्याला हे शिकायला दोन टर्म गेलेल्या असतात. बारा वर्षांचा नियम लावलात तर तो शिकला रे शिकला की घरी, साहेब मात्र तिथेच.

ग्रँडरॅपिड्सवाली:
उपनगरवासी, तुम्ही मिशिगनचे आणि मिशिगनचीच गोष्ट अर्धी सांगताय हो. काँग्रेसला लिमिट नाही, पण आपल्या राज्याच्या विधिमंडळाला १९९२ पासून आहे ना! खालच्या सभागृहात दोन-दोन वर्षांच्या तीन टर्म, म्हणजे सहा वर्षं, सिनेटमध्ये आठ. लोकांनी मतदान करून लावलेलं लिमिट. मग काय झालं? पहिली दोन वर्षं शिकण्यात, शेवटची दोन पुढची नोकरी शोधण्यात, मधे काय उरलं ते राज्याचं. स्पीकर कोण, तर चार वर्षांचा अनुभव असलेला, कारण त्याहून जुना माणूस सभागृहात शिल्लकच नाही. २०१९ ला चॅटफील्ड स्पीकर झाला तेव्हा तीस वर्षांचा होता.

आणि रिक जॉन्सन विसरलात? २००१ ते २००४ स्पीकर, लिमिट संपलं म्हणून बाहेर पडला, लॉबीस्ट झाला, म्हणजे पैसे घेऊन इतरांसाठी आमदारांची मनं वळवणारा, पुढे मेडिकल गांजाची लायसन्सं देणाऱ्या बोर्डावर अध्यक्ष म्हणून बसला आणि तिथे एक लाख डॉलरहून जास्त लाच खाल्ली. २०२३ मध्ये ५५ महिन्यांची शिक्षा झाली त्याला. लिमिटने माणूस सभागृहातून गेला, राजधानी लॅन्सिंगमधून नाही गेला.

उपनगरवासी:
ताई, लाच खाणारा टर्म लिमिट नसतानाही खातो, तो दोष लिमिटच्या माथी कशाला? मग २०२२ चं पण सांगा की पूर्ण. प्रपोजल १ नावाचा प्रस्ताव मतदानाला आला, बारा वर्षं एकूण, ती एकाच सभागृहात काढा नाहीतर दोन्हीत मिळून. आधी सहा अधिक आठ म्हणजे चौदा होत होती, म्हणून प्रचार असा की बघा आम्ही चौदाची बारा केली. प्रत्यक्षात खालच्या सभागृहातल्या माणसाला सहाची बारा मिळाली, डबल! आणि लोकांनी नाही म्हणू नये म्हणून त्याच्यासोबत आमदारांनी मालमत्ता जाहीर करायची अट एकत्र बांधली, तोपर्यंत ती अटच नव्हती इथे. एकाच खुणेत दोन्ही, घ्यायचं तर सगळं घ्या. साधारण दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं. मी नाही म्हटलं होतं.

ग्रँडरॅपिड्सवाली:
मी हो म्हटलं होतं, आणि परत म्हणेन.

माणदेशी:
तिकडचं तिकडं, आपल्या सांगोल्याचं बघा राव. गणपतराव देशमुख, शेकापचे, ११ वेळा आमदार. १९६२ ला पहिल्यांदा आले, २०१९ ला स्वतःहून थांबले. एसटीनं फिरणारा माणूस. आता तुमच्या नियमानं हा माणूस १९७४ ला घरी बसला असता. आणि फुकट निवडून यायचे असं नाही, लोकांनी त्यांना १९७२ ला पाडलं, १९९५ ला पण पाडलं, आणि पुन्हा आणलं. लिमिट लोकांच्या हातात हायच की, पाच वर्षातनं एकदा. कायदा करून माझा उमेदवार माझ्याकडनं काढून घ्यायचा तुम्हाला काय अधिकार?

पर्येकार:
गणपतरावांबद्दल आदर आहेच, पण पुढचं पण सांगा ना मग. २०१९ ला ते थांबले तर उमेदवार कोण, नातू. तो ७६८ मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू उभा राहिला आणि आला. आमच्या गोव्यात प्रतापसिंह राणे पन्नास वर्षं आमदार, मुख्यमंत्री किती वेळा झाले ते मोजायचं लोकांनी सोडून दिलेलं, आणि २०२२ ला ते थांबले तर त्यांच्या पर्ये मतदारसंघातून सूनबाई आमदार, त्याही दुसऱ्या पक्षातून. मुलगा आधीच शेजारच्या वाळपईतून आमदार आणि मंत्री. आता बोला.

माणदेशी:
मग तुमच्याच बोलण्यातनं निघतंय की लिमिटचा काय उपयोग नाही. बारा वर्षांनी आजोबा उतरले असते तर नातवाच्या जागी पोरगं आलं असतं, एवढाच फरक. बायकांसाठी सरपंचपद राखीव झालं तेव्हा सरपंचपती झालेच ना गावोगाव. रशियात पुतिन चार वर्षं पंतप्रधान होऊन बसला, मेदवेदेवला खुर्चीवर ठेवलं आणि परत आला. अर्जेंटिनात नवऱ्यानंतर बायको अध्यक्ष.

ठेवीदार:
टर्म लिमिट बघायला रशियात कशाला जायचं, नागरी सहकारी बँकेत या. २०२० च्या दुरुस्तीने संचालकाला सलग आठ वर्षांची मर्यादा लागली, आता २०२५ च्या कायद्याने ती दहा केली. बरं वाटलं ना? आता कलम वाचा, मर्यादा अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक सोडून बाकीच्यांना आहे! म्हणजे कोपऱ्यात बसून चहा-बिस्किट खाणारा संचालक दहा वर्षांनी बाहेर, आणि ज्याच्या सहीने कर्जं जातात त्याला हे कलम लागतच नाही. नियम कुणासाठी करायचा आणि कुणाला वगळायचं हे जो ठरवतो त्याच्यावर सगळं आहे. आमच्या एका बँकेत तर दोन जुने संचालक उतरले आणि वार्षिक सभेत त्यांच्याच सुना टाळ्यांच्या कडकडाटात बिनविरोध. मी हात वर करून प्रश्न विचारला तर माईक बंद.

बखरकार:
ठेवीदार, म्हणजे तुम्ही पण शेवटी उंदीरसाहेबांच्याच बाजूला आलात, मर्यादा हवी ती सही करणाऱ्याला. चीनने २०१८ ला अध्यक्षाची दोन टर्मची अट काढली, बोलिव्हियात अध्यक्ष मोरालेसने २०१६ ला आणखी एक टर्म लढवू का असं लोकांना विचारलं, लोकांनी नाही म्हटलं, तर पुढच्या वर्षी कोर्टाकडून हो आणलं. वरच्या माणसाला लिमिट का लागतं ते यातच आलं. खालच्या पाचशे जणांना लावून फक्त वरच्याला मोकळं रान मिळतं, कारण त्याला अडवणारे सगळे शिकाऊ.

उपनगरवासी:
मग भारतात पंतप्रधान, मुख्यमंत्री यांना पण लावा की. त्यावर सगळे गप्प का?

बखरकार:
गप्प कोण? संसदीय पद्धतीत पंतप्रधानाला कुठल्याही दिवशी घालवता येतं, १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. अमेरिकेच्या अध्यक्षाला असं नाही घालवता येत, महाभियोग करा आणि सिनेटमध्ये दोन तृतीयांश आणा, आजवर एकदाही जमलेलं नाही. म्हणून तिथे कॅलेंडर लागतं.

मंत्रालयातला उंदीर:
१९९९ सोडा हो, व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं की आमदारकी-खासदारकी जाते, हे कलम १९८५ पासून आहे. बहुमत असलेल्या पक्षाचा पंतप्रधान अविश्वास ठरावाने कसा पडणार? कागदावर पडतो. इतकं असेल तर मुख्यमंत्र्याला दहा वर्षांची मर्यादा लावायला माझी पण हरकत नाही, आमदाराला मात्र हात लावू नका.

उपनगरवासी:
हे मान्य नाही. अमेरिकेत कायदा होत का नाही तेही बघा. अर्कान्सासने १९९२ मध्ये आपल्या खासदारांना तीन आणि सिनेटरांना दोन टर्म ठरवल्या, १९९५ ला सुप्रीम कोर्टाने ५-४ ने उडवल्या, राज्यांना असा अधिकार नाही, घटनादुरुस्तीच हवी. त्याच वर्षी प्रतिनिधीगृहात ती मतदानाला आली, २२७ बाजूने, २०४ विरोधात, लागत होती दोन तृतीयांश. ज्यांनी जायचं त्यांनाच विचारताय तुम्ही जाता का, काय उत्तर येणार! तीस वर्षं झाली त्याला. तिकडे आयोवाचा ग्रासली १९८१ पासून सिनेटर आहे, नव्वदी ओलांडली, टर्म २०२९ च्या जानेवारीपर्यंत. म्हणे मतदार ठरवतील. समोर उभं राहायला कोटी-कोटी डॉलर लागतात तेव्हा मतदार काय ठरवणार?

ग्रँडरॅपिड्सवाली:
तो वयाचा मुद्दा झाला, टर्मचा नाही. नॉर्थ डाकोटाने २०२४ ला तेच केलंय, काँग्रेसमधली टर्म संपेपर्यंत ८१ वर्षं पूर्ण होणार असतील तर उभंच राहता येणार नाही. पण तुम्ही आत्ता सांगितलेला १९९५ चा निकालच त्याच्या आड येतो, कोर्टात कुणी नेलं तर टिकणं अवघड आहे.