वाडा शोधत फिरण्यापेक्षा स्टुडंट फिल्मसाठी एक भिंत तरी स्वतः बांधा (चर्चा)

प्लाय_आणि_खिळे (धागा काढणारा)

गेल्या आठवड्यात इथल्या पोरापोरींच्या शॉर्टफिल्म सलग बघितल्या. गोष्टी चांगल्या होत्या, अॅक्टिंग पण बऱ्यापैकी, पण निम्म्या फिल्ममध्ये तोच वाडा, तोच झोपाळा, तेच लाकडी खांब. एकीत तो सावकाराचा, दुसरीत रिटायर्ड मास्तरांचा, तिसरीत भुताचा. माझं मत सरळ आहे, फिल्म शिकणाऱ्या प्रत्येकानं निदान एक खोली, तेही जमत नसेल तर दोन भिंतींचा कोपरा स्वतः बांधून त्यात एक तरी सीन शूट करायलाच पाहिजे. लोकेशन मिळालं की विचार थांबतो. या माणसाच्या घरात कॅलेंडर कुठल्या दुकानाचं असेल, औषधाच्या गोळ्या कुठं ठेवत असेल, खुर्चीचा कुठला पाय बांधून घेतला असेल, हे कुणी ठरवतच नाही, घरमालकानं जे ठेवलंय तेच फ्रेममध्ये येतं आणि तीच कॅरेक्टरची ओळख होऊन बसते.

आणि आपलं कोल्हापूर कसलं गाव आहे बघा की. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवणारे, त्यात हात बसलेला माणूस, आणि त्यांनीच सिनेमात मागं रंगवलेला पडदा टांगायचं सोडून खरे उभे सेट लावले. १९२० चा 'सैरंध्री' इथल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. दामले-फत्तेलाल तिथंच तयार झाले, त्यांची प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथंच निघाली, पुण्याला गेली ती १९३३ ला. पेंटर आणि कारागिरांच्या हातातून इथला सिनेमा उभा राहिला आणि आज आपण फक्त वाड्याची चावी मागत फिरतोय, हे मला खरंच खटकतं.

फ्रेम_फोकस

भावा, इतिहास मान्य, पण बाबूरावांच्या कंपनीला तानीबाई कागलकरांनी पैसे दिले होते, आम्हाला कोण देणार? आम्ही वर्गणी काढून फिल्म करतो. आठ बाय चारचा साधा प्लाय घेतला तरी हजाराच्या पुढं जातो, एका खोलीला असे किती लागतील धर, वर रिपा, खिळे, रंग, सुताराची हजेरी, टेम्पोचं भाडं, आणि एवढं करून उभा करायचा कुठं? कॉलेजचा हॉल एका दिवसासाठी मिळतानाच मारामार. वाड्याच्या मालकाला मात्र गोड बोललं, चहा घेतला की दोन दिवस घर आपलंच.

दुसरं म्हणजे खरं घर ते खरंच घर. उंबरा मधोमध झिजलेला असतो, जिन्याच्या कठड्याला हात लागून लागून तुकतुकी आलेली असते, माडीवरच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, हे तुम्ही प्लायवर कसं आणणार? स्टुडंटनी बांधलेला सेट शेवटी गणपतीच्या देखाव्यासारखा दिसतो आणि मग प्रेक्षक गोष्ट सोडून भिंतच बघत बसतो.

तालमीचा_पेंटर

देखाव्यासारखा दिसतो हे असं वाईट अर्थानं बोलू नका हो. आमचं अख्खं आयुष्य मंडळाच्या मांडवात गेलं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतले सजीव देखावे बघायला गावोगावची माणसं रात्रभर रांगा लावून उभी राहतात, ती काय उगाच?

सेट खोटा दिसतो तो प्लायमुळं नाही, रंग मारून लगेच शूटिंगला उभं राहता म्हणून. जुन्या घराची भिंत करायची तर एक कलर मारून भागत नाही. आधी सांधे मारायचे, सांध्यावर मलमलीची पट्टी चिकटवून पुट्टी भरायची, नाहीतर लाईट कडेनं आला की प्लायची उभी रेघ कॅमेऱ्यात दिसतेच. मग पुट्टी मुद्दाम थोडी उंचसखल ओढायची, जुनी भिंत कधीच सपाट नसते. त्यावर एखादा जुना रंग, समजा पिवडी. ती वाळली की वरून निळीचा हात, आणि दोनचार ठिकाणी ओल्या फडक्यानं पुसून खालची पिवडी थोडी बाहेर काढायची. शेवटी मळ. हा डोकं लावून करायचा, सगळीकडं सारखा फासायचा नाही. स्विचच्या भोवती बोटांचा, खाटेच्या मागं डोकं टेकून टेकून तेलाचा गोल, चुलीच्या वर काजळी वर जाताना पसरत गेलेली, देवळीत दिव्याचा डाग. आणि आपल्याकडं पाऊस किती, त्यामुळं भिंतीच्या पायाला ओल वर चढलेली पाहिजेच, ती ओल नसली तर ते घर कोल्हापूरचं वाटतच नाही. पातळ चहाच्या पाण्यात थोडा काळा रंग टाकून स्पंजनं हे सगळं होतं, खर्च किरकोळ आहे, वेळ लागतो.

पोरांनो या आमच्याकडं, गणपतीच्या आधी दोन महिने काम चालू असतं, शिकवतो. फी वगैरे काय नाही.

प्लाय_आणि_खिळे

वा दादा, हेच म्हणायचं होतं मला. आणि फोकस भावा, तुझ्याच कामाचं एक सांगतो. दहा बाय दहाच्या खऱ्या खोलीत कॅमेरा ठेवायला जागा कुठं असते? पाठ भिंतीला टेकते, मग वाईड लेन्स लावतोस आणि माणसाचं नाक मोठं दिसतं. सेटची एक भिंत काढून बाजूला ठेवली की लांबून पन्नास एमएमची लेन्स लावता येते, लाईटही वरून सोडता येतो. हे जोपर्यंत स्वतः करत नाहीस तोपर्यंत आर्ट डिपार्टमेंटकडं नेमकं काय मागायचं ते कळणार नाही.

रंगरेषा

मी थीम रेस्टॉरंट, लहान पोरांचे प्ले-एरिया, प्रदर्शनातलं भुताचं घर असली कामं करते, त्यामुळं मला या उत्साहाची थोडी काळजी वाटते. फिल्मचा सेट कॅमेऱ्याला एका बाजूनं दिसतो, मागं उघडा प्लाय आणि टेकू असले तरी चालतात. पण आज शॉर्टफिल्मचा सेट बांधणारी पोरं उद्या माझ्यासारखी कामं घेतात आणि तिथं लोक आतून चालत जातात. भिंत दिसली की हात लावतात, नख लावून बघतात, पोरं लोंबकळतात. माणसाच्या उंचीपर्यंत सगळं टणक लागतं, कोपरे घासून गोल करावे लागतात, खिळ्याचं टोक बाहेर आलेलं चालत नाही. जवळच्या कणेरी मठावर गावगाड्याचे पुतळे बघा, उघड्यावर ऊनपावसात आहेत, रोज माणसांची गर्दी, तरी टिकलेत कारण ते सिमेंटचे आहेत. तिथं थर्माकोल ठेवला असता तर पहिल्या पावसाळ्यात गेला असता. आणि सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी अजून सर्रास वापरतात.

सगळ्यात मोठी गोष्ट आग. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण बघितलंय. त्याच वर्षी मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनमध्ये वेल्डिंगच्या ठिणगीनं आग लागली आणि २७ जण गेले. प्लाय, काळं कापड, फोम, ऑइल पेंट, हॅलोजन, एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडलेलं, विद्यार्थ्यांच्या सेटवर हे सगळं एकाच खोलीत असतं आणि दार एकच. मी भुताच्या घराला बाहेर पडायला दुसरी वाट असल्याशिवाय काम घेतच नाही, पार्टी कितीही चिडली तरी. वळणं घेत जाणारा अंधारा बोळ आणि त्यात घाबरलेली पोरं, एकच दार असेल तर काय होईल विचार करा. त्यामुळं माझं म्हणणं, पहिल्या वर्षी बांधू नका. खऱ्या घरात जाऊन सजवायला शिका, मालकाचं सामान पूर्ण बाहेर काढा आणि कॅरेक्टरचं आत आणा. लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार फिरलात तरी निम्मं घर उभं राहतं.

फ्रेम_फोकस

ताईंचं पटलं. खोली रिकामी करून परत भरायची, मधला मार्ग हाच आहे.

प्लाय_आणि_खिळे

ताई, आगीचं शंभर टक्के बरोबर. एलईडी वापरा, दोन दारं ठेवा, अग्निशामक सिलिंडर शेजारी ठेवा आणि तो चालवायचा कसा ते आधी शिका, यात वादच नाही. पण पहिल्या वर्षी बांधूच नका हे नाही पटत. धोका आहे म्हणून बांधायचं नाही म्हटलं तर पोरगं डिग्री घेऊन बाहेर पडेल आणि पहिली भिंत थेट लोकांच्या पैशानं, लोकांच्या गर्दीत बांधेल. त्यापेक्षा कॉलेजच्या आवारात, उघड्यावर, वर छत नसलेला दोन भिंतींचा कोपरा, सर समोर उभे, तालमीचे दादा रंगाला. दिवसा उजेडी शूट. यात जळणार काय?

रंगरेषा

उघड्यावर, छत नाही, दिवसा, हे चालेल. पण वाऱ्याचं बघा. प्लायची उभी भिंत वारा धरते, मागचे टेकू नुसते जमिनीवर ठेवू नका, त्यावर वाळूची पोती टाका, माणूस खाली असताना भिंत पडली तर तेही आगीइतकंच वाईट.

फ्रेम_फोकस

पैशाचं कुणीच बोललं नाही अजून. कॉलेजनं प्लाय एकदा घेऊन ठेवावा, दर वर्षीच्या बॅचनं त्यावरच रंग मारावा, तर मी पण बांधायला येतो. वर्गणीतून मात्र नाही जमणार.

तालमीचा_पेंटर

आमच्या मांडवातले जुने फ्लॅट, म्हणजे चौकटीवर ठोकलेल्या तयार भिंती, पडून आहेत मागच्या वर्षीचे. कडा उसवल्यात पण लाकूड चांगलं आहे. टेम्पो घेऊन या.