प्रतिसाद: नुसतं डावीकडे वळायचं, त्यात काय बघायचं?

वर कुणीतरी म्हटलंय की नॅस्कार (अमेरिकेतल्या गोल ट्रॅकवरच्या गाड्यांच्या शर्यती) म्हणजे नुसतं डावीकडे वळत बसणं, टीव्हीवर झोप येते. टीव्हीपुरतं मान्य! पण शॉर्ट ट्रॅकवर, म्हणजे मैलापेक्षा छोट्या ट्रॅकवर, जाऊन बघा राव. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात असताना उन्हाळ्यात शनिवारी रात्री विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमला जायचो, पाव मैलाचा सपाट ट्रॅक, तोही अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाभोवती, १९४९ पासून नॅस्कारच्या रेस चालू आहेत आणि नॅस्कारचा दिग्गज ड्रायव्हर रिचर्ड पेटीचा १०० वा विजयही इथलाच, १९६९ चा. मॉडिफाईड प्रकारच्या रेसच्या गाड्या, चाकं बाहेर आलेली, जागा इतकी कमी की पुढच्याला ढुशी दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, मग तो गिरकी खातो आणि पुढच्या यलोला (पिवळा झेंडा, सगळ्यांनी हळू व्हायचं) मुद्दाम येऊन ढुशी देणाऱ्याला ठोकतो, की पब्लिक उभं! अर्धे शिव्या घालतायत, अर्धे टाळ्या. पुढच्या रांगेत बसलात तर टायरच्या रबराचे काळे कण थेट नाचोजमध्ये, आणि कानात बोळे घातले नाहीत तर रविवारभर कान वाजणार. बायको आधी नको नको करायची, नंतर तीच उभी राहून ओरडायला लागली, तेही नेमकी त्याच ड्रायव्हरसाठी ज्याला अख्खं स्टेडियम हुर्यो करायचं.