नेमणूकपत्र नसलं तरी

कुणीतरी लिहिलंय, भाच्याची नोकरी गेली, पगारही थकलाय, पण त्याला नेमणूकपत्रच दिलं नव्हतं, म्हणजे आता मालकाविरुद्ध काही करता येत नाही. हे मला पटत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' कुणाला म्हणायचं याच्या व्याख्येत नोकरीच्या अटी लेखी असल्याच पाहिजेत असं कुठेही नव्हतं. त्या बोलण्याचालण्यातून ठरलेल्या असल्या तरी चालतात. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच कायम आहे. (मॅनेजर पदावर असेल तर गोष्ट वेगळी, त्याला ही व्याख्या लागू नाही.)

खरी मेख पुराव्यात आहे. वर्षात 240 दिवस काम केलं (म्हणजे वर्षभराची सलग नोकरी धरली जाते) हे आधी कामगारानं दाखवायचं असतं, आणि नुसतं स्वतःचं प्रतिज्ञापत्र त्याला पुरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2002 मध्येच सांगितलंय. म्हणून भाच्याला म्हणावं, आधी फोन उघड. खात्यात आलेला पगार, 'उद्या आठला ये' असले मालकाचे मेसेज, हजेरीवहीचा फोटो, मालाच्या चलनावरची सही, ईएसआय (कामगार विमा) कार्ड, जे असेल ते. पगार रोख मिळत असेल तर सोबतच्या कामगारांची साक्ष फार महत्त्वाची. पण ते अजून तिथंच नोकरीला असतील तर सहसा तयार होत नाहीत, हेही खरं.

हिशेब मिटवतो म्हणून मालकानं कोऱ्या व्हाउचरवर किंवा राजीनाम्यावर सही मागितली, तर करू नये. त्याऐवजी थकलेल्या पगाराची विचारणा व्हॉट्सॲपवर करावी. 'पुढच्या महिन्यात देतो' एवढं उत्तर आलं तरी ते घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करता येतो.