गोळी रात्रीची, पेग दुसऱ्या संध्याकाळचा
"गोळी आदल्या रात्री घेतली, मग दुसऱ्या संध्याकाळी दोन पेगांनी काय होतंय?" असं कुणीतरी म्हणालं, ते पटलं नाही. डायझेपाम (चिंता, झोपेसाठी देतात ती गोळी) निम्मं उतरायलाच 20 ते 50 तास लागतात, आणि शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते आणखी रेंगाळतं. दारूही मेंदूला शांत करणाऱ्या त्याच गाबा यंत्रणेवर बसते, म्हणजे दोन्ही एकमेकांवर चढतात.

इंदूरला आमच्या काकांचं नेमकं असंच झालं: आदल्या रात्री गोळी, दुसऱ्या संध्याकाळी पेग. रमीत जोकर कोणता, हे चारदा विचारलं. बोलणं मात्र स्वच्छ, म्हणून कुणालाच शंका नाही. वर रात्री आमच्याबरोबर सराफ्यात (रात्रीचा खाऊबाजार) जाऊन गराडू (तळलेला कंद) हाणले (भूक शाबूत होती!). सकाळी आठवण सगळी कोरी. शर्टावर जिरावनचे (गराडूवरच्या मसाल्याचे) डाग दाखवले तरी "मी गेलोच नव्हतो" म्हणून काकूशी भांडत होते.