धागा: एबीए म्हणजे बिस्किट दाखवून लेकराला नाचवणं?

विशेषशिक्षिका_लातूर
काल इथं एक पोस्ट पडली: ‘एबीए म्हणजे स्किनरनं उंदरांवर केलं तेच स्वमग्न लेकरांवर. बिस्किट दाखवा, नाचवा. मनात काय चाललंय याच्याशी देणंघेणं नाही.’ खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून सविस्तर लिहिते. एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस, वर्तन का घडतं ते बघून शिकवायची पद्धत. स्किनर हा तिच्या मुळाशी असलेला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ.

मन अभ्यासाबाहेर काढलं ते वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं, १९१३ मध्ये. स्किनरनं १९४५ मध्ये वेगळी वाट धरली: विचार, भावना हेही वर्तनच, कातडीच्या आत घडणारं. मग १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली या संशोधकांनी एबीएसाठी सात कसोट्या मांडल्या. पहिलीच अशी की जे बदलायचं ते त्या माणसाच्या जगण्यात महत्त्वाचं हवं. शेवटची, शिकलेलं दुसऱ्या जागीही टिकायला हवं. थेरपी सेंटरात ‘पाणी’ म्हणणारं लेकरू घरी तहानेनं नुसतं रडत असेल, तर शिकवणं फसलं, लेकरू नाही.

आणि मुळाशी काय आहे? वर्तनाला कारण असतं. पोरगं का मारतं? हट्टी आहे. हट्टी कशावरून? मारतं म्हणून! याला आपण उत्तर समजतो.

परभणीकर_बाप
ताई, कागदावर सगळं चांगलंच असतंय. आमचा पोरगा खूश झाला की हात फडफडवायचा. सेंटरात ‘हात खाली, हात खाली’ करून ते बंद केलं. आता फडफडवत नाही, अन् खूश झालेलाही कळत नाही. कोणत्या कसोटीत बसतंय हे? स्वमग्न पोरांवर एबीए वापरणाऱ्या लोवासचा १९८७ चा पेपर तुमचेच लोक दाखवतात. आठवड्याला ४० तास, १९ पैकी ९ पोरं ‘नॉर्मल’. त्यात जोरात ‘नो’ म्हणणं अन् मांडीवर चापट मारणंही होतं, ते कोणी सांगत नाही.

विशेषशिक्षिका_लातूर
चापटीचं खरं आहे. त्या अभ्यासात मुलांचे गट चिठ्ठ्या टाकूनही पाडले नव्हते. पण शिक्षेला स्किनरचा स्वतःचा विरोध होता: शिक्षेनं वर्तन दबतं, नवं काही शिकवलं जात नाही. हात फडफडवण्यानं कोणाचं काय बिघडत होतं? पहिल्याच कसोटीवर ते नापास.

झेडपी_मास्तर_बीड
शिक्षेचं बोलायलात तर लातूरच्या क्लासांचंही बोला. दर टेस्टला मार्कांची यादी भिंतीवर, खालच्याला सगळ्यांसमोर उभं करायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारणं अन् मानसिक छळ दोन्ही बंद केलं. क्लासला कोण विचारतंय?

नीट_रिपीटर_निलंगा
सर, त्या यादीमुळंच माझा अभ्यास झाला. लातूर पॅटर्नला नावं ठेवायची फॅशनच झालीय.

झेडपी_मास्तर_बीड
तुझा झाला. जे बॅग भरून गावी परतले ते इथं लिहायला येत नाहीत.

नीट_रिपीटर_निलंगा
बाहेर बसून बोलणं सोपं असतं. आमच्या बापानं रान गहाण टाकलंय, आम्हाला भीती लागतेच.

विशेषशिक्षिका_लातूर
दादा, तुमच्या कष्टाबद्दल शंका नाही. पण भीतीनं केलेला अभ्यास भीती संपली की टिकतो का, हा प्रश्न त्याच शास्त्राचा आहे. क्लासांवर वेगळा धागा काढा.

झेडपी_मास्तर_बीड
काढतो. पण आधी हे सांगा, माझ्या वर्गातल्या लेकराचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घरी आजी. तिनं ४० तास कुठून आणायचे?

विशेषशिक्षिका_लातूर
आणू नयेत. आजीनं आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं एवढंच बघावं. १९८२ मध्ये इवाटा या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या मुलांबाबत हेच तपासलं: लक्ष हवंय, काम टाळायचंय, की त्या कृतीतच काही मिळतंय? आमच्याकडचं एक लेकरू खिचडीच्या रांगेत हात चावायचं. चावलं की बाहेर नेऊन बसवायचे. म्हणजे गोंगाटातून सुटायचा रस्ता आपणच दाखवला. त्याला ‘बाहेर’चं चित्रकार्ड दिलं, दाखवलं की लगेच न्यायचं. चावणं हळूहळू थांबलं. बिस्किट लागलं नाही.

परभणीकर_बाप
कार्डाचं पटलं. यात लेकराचं ऐकलं गेलं. पण महत्त्वाचं काय हे ठरवतंय कोण? सेंटरवाले अन् आम्ही. पोराला कोणी विचारलं?

विशेषशिक्षिका_लातूर
कमी जण विचारतात, मान्य. बोलता येत नसलं तरी तोंड फिरवणं, उठून जाणं हा नकारच आहे, आणि तो वहीत लिहिलाच पाहिजे. पुढच्या वेळी सेंटरात ती वही मागा. दाखवत नसतील तर फी भरू नका.

परभणीकर_बाप
मागतो. अन् ‘हात खाली’ कोणी लिहून दिलं, तेही विचारतो.