फ्रीझर पेटी अन् वैकुंठरथ सुरू करायचाय, परवाना कोणाचा लागतो?

पिकअपवाला_मानवत:

नमस्कार मंडळी. मी मानवतचा, जिल्हा परभणी. नऊ वर्षं झाली स्वतःचा पिकअप चालवायलो. कापूस, भाजी, लग्नाचा मांडव, मिळंल ते भाडं. मागच्या श्रावणात आमची आत्या गेली. दोन्ही पोरं चाकणला कंपनीत, यायला रात्र जाणार. बाहेरगावाहून फ्रीझर पेटी मागवली, तिला चार तास लागले. तोवर बर्फाच्या लाद्या आणून कडेनं रचल्या. लाद्या वितळून ओसरीभर पाणी झालं आणि आत्याची सून ते पोत्यानं टिपत बसली होती. रडायचं सोडून पाणी टिपायली. तेव्हाच ठरवलं, एक पेटी अन् एक गाडी आपल्या गावात पाहिजे.

आता अडचण अशी की माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो तिकडं ह्या कामाला कॉलेज करावं लागतं, परीक्षा असते, परवाना भिंतीवर टांगावा लागतो. इथं एका सरकारी कार्यालयात विचारलं तर एका टेबलानं आरोग्य खात्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं आरटीओकडं. म्हणून इथं विचारायलो. परवाना नेमका कोणाचा? आहे त्या पिकअपवरच पेटी बसवली तर चालतं का? जीएसटी लागतो का? घरचे अपशकुनी धंदा म्हणायलेत, ते माझं मी बघतो.

सोनपेठी_मिरची:

परवाना यमाचा लागतो. रेडा तेवढा स्वतःचा आणा.

तिरडीवाले_मामा_लातूर:

मिरचीताई, रेड्याला फिटनेस लागत नाही, तेवढं सुख आहे यमाला.

मानवतकर भाऊ, मला ह्या कामात अकरा वर्षं झाली. लातुरात दुकान आहे, पाटीवर ‘अंत्यविधी साहित्य’ एवढंच. आधी सरळ उत्तर घ्या. मयताला हात लावायचा परवाना आपल्या देशात नाही. कोर्स नाही, परीक्षा नाही, मंडळ नाही. किराणा दुकानाला जो कागद लागतो तोच आपल्याला. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यात मोजकीच माणसं कामाला असली तर नोंदणीसुद्धा नाही, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, पावती निघते. ती लॅमिनेट करून ठेवा. पोलीस, दवाखाना, जो विचारील त्याच्यापुढं तीच धरायची.

जीएसटीचं मलाही माहीत नव्हतं. आमच्या हिशेबनिसानं सुरुवातीला १८ टक्के लावायला सांगितलं होतं, मयताच्या बिलावर कर लावायचा म्हणजे मला तोंड दाखवायची लाज वाटायली. मग त्यानंच कायदा उघडून बघितला. २०१७ च्या जीएसटी कायद्याची तिसरी अनुसूची, चौथा मुद्दा. अंत्यविधी, दफन, स्मशान, शवागार आणि मयताची वाहतूक हा ‘पुरवठा’च धरलेला नाही. म्हणजे पेटीचं भाडं अन् गाडीचं भाडं त्यातून सुटलं. दुकानात मडकं, कापड, अगरबत्ती विकली तर ती वस्तूंची विक्री, तिचा हिशेब वेगळा ठेवा.

गाडीचं नीट ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६, पोटकलम ३. मयत आणि मयतासोबतची माणसं नेण्यासाठी ‘फक्त’ वापरायच्या गाडीला परमिट लागत नाही. जोर ‘फक्त’वर आहे. सकाळी वांगी अन् दुपारी मयत असं केलं की ती सूट गेली. आणि मालवाहू पिकअपच्या हौद्यात दहा-बारा जण मागं बसवून नेलेत अन् गाडी कलंडली, तर विमा कंपनी हात वर करते, त्या माणसांचा विमा मालवाहू गाडीच्या पॉलिसीत नसतो. आरटीओत वेगळी नोंद करून घ्या. फिटनेस, विमा, पीयूसी चुकत नाही.

हे झालं कागदाचं. आता जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगतो.

२०१९ चा मृगाचा पाऊस पडून आठवडा झाला होता. रात्री साडेअकराला फोन, एका शेतातल्या आखाड्यावर पेटी पाहिजे. अठ्ठावीस-तीस वर्षांचा गडी. थोरला भाऊ म्हणाला, अटॅक आला. पेटी ओसरीत लावली. लाईट सिंगल फेज, दाब एवढा कमी की कॉम्प्रेसर घुर्र करायचा अन् बंद पडायचा. स्टॅबिलायझर जोडायला खाली वाकलो तर मयताचा उजवा पाय डोळ्यापुढं आला. घोट्याच्या वर दोन टिपके, भोवती काळंनिळं, पिंढरी टम्म. मी भावाकडं बघितलं. तो म्हणाला, काटा रुतला होता संध्याकाळी. मी गप बसलो. दोन हजार रुपये घेतले अन् सकाळी नऊला त्यांच्याच रानात सरण रचून दिलं.

भावाच्या पोटात पाप नव्हतं, हे मी आजही सांगतो. पोस्टमार्टम म्हणजे मयत तालुक्याला जाणार, चिरफाड होणार, दुसऱ्या दिवशी दुपारी शिवून परत येणार, ही भीती. आपल्याकडं घरोघर आहे ती.

पंधरा-वीस दिवसांनी त्याची बायको दुकानात आली, कडेवर पोरगं. तिला कोणीतरी सांगितलं होतं की शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाला २ लाख रुपये मिळतात. कागद काय होता तिच्याकडं? मयताची नोंद, कारण हृदयविकार. डॉक्टरनं बघितलं नव्हतं, पंचनामा नव्हता, पोस्टमार्टम नव्हतं. मला म्हणाली, ‘मामा, तुम्ही पाय बघितला होता ना?’

बघितला होता. तसा जबाब दिला, चार खेटे घातले. जमादार शेवटी म्हणाला, राखेचं पोस्टमार्टम कुठं करू सांगा. तिला पैसे मिळाले नाहीत.

तेव्हापासून माझ्या दुकानात एक वही आहे. फोन कोणी केला, किती वाजता, मयताला शेवटचं कोणत्या डॉक्टरनं बघितलं, दाखला आहे का. घरी मृत्यू झाला असंल तर डॉक्टरचा नमुना ४-अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, बघितल्याबिगर मी पेटीचा प्लग लावत नाही. शेवटच्या आजारात जो डॉक्टर बघत होता त्यानं तो फी न घेता द्यायचा असतो, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच लिहिलंय. डॉक्टरच नव्हता, अन् मला काही खटकलं, तर पोलीस पाटलाला फोन. त्यापायी गिऱ्हाईक गेलंय माझं. शिव्याही खाल्ल्यात, अगदी मयतापुढं.

निवृत्त_ग्रामसेवक_गंगाखेड:

मामांनी खरं तेच सांगितलं. (ग्रामसेवक आता नाही म्हणायचं, ग्रामपंचायत अधिकारी. पाटी बदलली, कपाट तेच आहे.) थोडी भर घालतो.

मानवतकर, परवाना नसला तरी कायद्यानं तुमच्यासारख्यावर नजर ठेवलीच आहे. त्याच १९६९ च्या कायद्याचं कलम १० बघा. मयताची विल्हेवाट लावायच्या जागेचा जो मालक किंवा राखणदार, त्यानं मृत्यूची खबर निबंधकाला द्यायची असते. उद्या तुम्ही एखादी स्मशानातली शेड चालवायला घेतली तर हे तुमच्या अंगावर येतं. आणि स्वतःच्या जागेत परस्पर नवी स्मशानभूमी काढता येत नाही, त्याला स्थानिक संस्थेची परवानगी पाहिजे.

नोंद २१ दिवसांत. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. पुढं वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश, म्हणजे तहसीलच्या पायऱ्या. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त लोक ह्याच पायरीवर रडले, कारण सातबाऱ्यावर वारस लावायला गेल्यावरच त्यांना दाखल्याची आठवण व्हायची. बाप मरून अकरा वर्षं झालेली.

नोंद मृत्यू जिथं झाला तिथं होते, राहता गाव कोणता ह्याच्याशी संबंध नाही. परभणीच्या दवाखान्यात गेलेल्याची नोंद मानवतला मागू नका. मग चालत्या गाडीत गेला तर? गाडी जिथं पहिल्यांदा थांबंल तिथं, आणि खबर द्यायची जबाबदारी गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याची. हे तुम्हाला लागणार. पेशंट म्हणून गाडीत घेतलेला माणूस झिरो फाट्यावर जातो, असं होतंच.

आणि एक. लग्नाला सात वर्षं झालेली नाहीत अशी बाई संशयास्पद गेली, तर पोलिसांना कळवल्याशिवाय पेटीत घेऊ नका. ह्याला पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ आहे. माहेरचे यायच्या आत सरण पेटवायची घाई दिसली की सावध व्हा. पुरावा नष्ट केला म्हणून नाव यायला वेळ लागत नाही.

नांदेडची_लेक:

मी कोलोराडोत राहते, म्हणून तुमच्या मावसभावाच्या बोलण्यात थोडी दुरुस्ती. अमेरिकेत परवाना राज्य देतं. बहुतेक राज्यांत मॉर्च्युरी सायन्सचं (मृतदेह हाताळण्याच्या शास्त्राचं) शिक्षण, राष्ट्रीय परीक्षा आणि कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी, असा रस्ता आहे. पण आमचं कोलोराडो त्यात नव्हतंच! १९८३ मध्ये इथला परवाना बंद झाला आणि चाळीस वर्षं कोणीही हे काम करू शकत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पेनरोज नावाच्या गावात एका इमारतीत सुमारे १९० कुजलेले मृतदेह सापडले. दहन केलं म्हणून घरच्यांना डबे दिले होते, त्यांतल्या काहींत राखेऐवजी काँक्रीटची पूड निघाली. त्यानंतर २०२४ मध्ये कायदा झाला, परवान्याची सक्ती २०२७ पासून. इंग्लंडमध्येही अंत्यविधी करणाऱ्याला परवाना लागत नाही, हे ऐकून माझे सासरे हसले होते.

तेच सासरे इथं गेले. तिथल्या माणसानं पहिल्याच भेटीत हातात छापील दरपत्रक दिलं. मला वाटलं चांगुलपणा. नंतर कळलं, १९८४ पासून देशभराचा नियमच आहे, दर विचारायला आलेल्याला यादी द्यायची, फोनवरही दर सांगायचे, शवपेटी बाहेरून आणली तर अडवायचं नाही. देह टिकावा म्हणून त्याला औषध भरणं कायद्यानं सक्तीचं आहे अशी थाप मारायची नाही. आम्ही औषध भरलं नाही, गंगाजळ मात्र भारतीय दुकानातून आणलं.

पिकअपवाला, तुम्ही एवढं करा, दर लिहून लावा. त्या घडीला घासाघीस करायची ताकद कोणात नसते.

पिकअपवाला_मानवत:

मामा, ताई, काका, तिघांचेही आभार. दरपत्रक छापायला टाकतो. पिकअप राहू दे भाजीला, जुनी ओम्नी बघायलो. शेवटचं एक विचारतो. आमच्या गल्लीतली दोन पोरं दुबईला आहेत, त्यांचे आईबाप विचारतात की देहाला औषध भरून चार दिवस ठेवता येईल का. ते मी शिकू का?

तिरडीवाले_मामा_लातूर:

नका शिकू. परवाना नाही म्हणजे कोणीही फॉर्मॅलिनची बाटली घ्यावी असं नाही. आपल्याकडं ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात होतं, डॉक्टर करतात आणि सहीशिक्क्याचा दाखला देतात. तुम्हाला नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगरचं घाटी, जे जवळ पडंल ते. देह विमानानं न्यायचा असला तर मृत्यूचा दाखला, औषध भरल्याचा दाखला, सीलबंद पेटीचा दाखला अन् पोलिसांचं ना हरकत, एवढं मागतात. तुमच्या सहीचा कागद विमानतळावर कोण घेणार? परदेशातून देह इकडं आणायचा असंल तर केंद्राच्या आरोग्य खात्याचं ई-केअर पोर्टल २०२३ पासून आहे, त्यावर अर्ज होतो. दोन दिवसांपुरतं पेटीत भागतं, पोरांना तसंच सांगा.

तुमच्या भागात लिंगायत घरं असतील तर एक गोष्ट आधीच करून घ्या. त्यांच्यात मयत बसवून नेतात, तिथं तिरडी अन् आडवा रथ दोन्ही कामाचे नाहीत. एक लोखंडी बैठक वेल्डिंग करून घ्या. मी नवा असताना आडवी तिरडी घेऊन गेलो होतो, जंगम स्वामींनी दारातूनच परत पाठवलं. मुस्लिम वस्तीत जनाजा मशिदीचा असतो, तुम्हाला फक्त पेटीसाठी बोलावतील, तेही क्वचित, कारण ते मयत ठेवून घेत नाहीत.

पाण्याचं विचारायची सवय लावा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, तेव्हा मयताला आंघोळ घालायला शेजारणींनी एकेक घागर आणून दिलेली मी बघितलीय. तेव्हापासून गाडीत दोन कॅन भरलेले असतात.

अन् पेटी घेताना झाकणाचं रबर बोटानं दाबून बघा, चिरलेलं असलं की मुंग्या लागतात. खालच्या नळीला बादली. तीस मीटर वायर. स्टॅबिलायझर पेटीच्या आधी घ्या. कोणता घ्यायचा ते फोनवर सांगतो, नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात टाकलाय.